रेडपोल : पक्षी एक की तीन?

समजा एखाद्या मोठ्या संग्रहालयाच्या पक्षिविभागात तुम्ही उभे आहात. समोर एक रुंद, उथळ खण ओढून ठेवला आहे. त्यात चिमणीहून लहान असे शंभरएक पक्षी पाठीवर निजवून रांगेने मांडले आहेत. पक्षी म्हणजे अर्थातच कापूस भरून वाळवलेली त्यांची कातडी. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधली आहे. पण ती तुम्ही वाचायची नाही. नुसते पाहून या पक्ष्यांचे गट पाडायचे, एवढेच तुमचे काम.

प्रथम काम अगदी सोपे वाटते. सगळ्यांच्या कपाळावर मळवट भरल्यासारखा लाल पट्टा आहे, हनुवटी काळी आहे, चोच लहान, पिवळसर आणि टोकदार आहे. पण डाव्या टोकाचे पक्षी तपकिरी असून त्यांच्या कुशीवर गडद रेघा आहेत. तर उजव्या टोकाचे इतके पांढरट, की जणू पिठाच्या डब्यात पडून बाहेर आले आहेत. झाले, दोन गट! तुम्ही डावीकडून एक, उजवीकडून एक असे उचलून वेगळे ठेवू लागता. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. मधल्या रांगेपाशी येताच मात्र हात थबकतो. हा पक्षी धड तपकिरी नाही आणि धड पांढराही नाही. त्याच्या शेजारचा किंचित फिका आहे, पलीकडचा आणखी किंचित. मग रेघ नेमकी कोठे ओढायची?

हाच प्रश्न पक्षिशास्त्रज्ञांना अडीचशे वर्षे सतावत होता. कोणी दोन गट पाडले, कोणी तीन, कोणी त्याहूनही अधिक. अखेर जे उत्तर मिळाले ते या खणाकडे पाहून मिळालेले नाही. ते कसे मिळाले हे सांगण्यापूर्वी या पक्ष्याची तुमची ओळख करून द्यायला हवी. कारण तो राहतो कोठे आणि कसा, हे कळल्याशिवाय भांडण कशाबद्दल आहे तेच कळणार नाही.

लालडोक्या

पक्ष्याचे नाव रेडपोल. ‘पोल’ हा इंग्रजीतला डोके या अर्थाचा जुना शब्द आहे. निवडणुकीतला ‘पोल’ही तोच : डोकी मोजणे. तेव्हा रेडपोल म्हणजे सरळ मराठीत लालडोक्या. आपल्याकडे हा पक्षी येत नाही, त्यामुळे त्याला रूढ मराठी नाव नाही. आपणही त्याला रेडपोलच म्हणू. त्याची लांबी १२ ते १४ सेंटिमीटर, आणि वजन साधारण १० ते २० ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे साखरेइतके. विणीच्या काळात नराच्या छातीवर गुलाबी झाक येते. गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गणातले फिंच हे त्याचे कुल. पिंजऱ्यात पाळली जाणारी पिवळी कॅनरी याच कुलातली, आणि हिवाळ्यात महाराष्ट्रात उतरणारा रोझफिंचही याच कुलातला.

आता भूगोलाच्या तासाला वापरतात तो पृथ्वीचा गोल घ्या आणि उत्तर ध्रुवाच्या बरोबर वरून खाली पाहा. भिंतीवरचा नकाशा येथे फसवतो. त्यात अलास्का एका टोकाला आणि सायबेरिया दुसऱ्या टोकाला दिसतो. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये एक अरुंद सामुद्रधुनी तेवढी आहे. वरून पाहिले की नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, सायबेरिया, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड आणि आइसलंड हे सारे प्रदेश ध्रुवाभोवती फेर धरून उभे असलेले दिसतात. हा संपूर्ण फेर म्हणजे रेडपोलचा मुलूख.

या फेरात दोन कडी आहेत. बाहेरचे कडे सूचिपर्णी वृक्षांच्या अरण्याचे. त्याच्या कडेकडेने भूर्जवृक्ष आणि वाळुंजाच्या जातीची झुडपे वाढतात. आतले, ध्रुवाकडचे कडे टुंड्राचे. येथे हातभर खाली जमीन बारमाही गोठलेली असते. झाडे उभी राहू शकत नाहीत, आणि भूर्ज व वाळुंज हे आपल्या गुडघ्याएवढे, काही ठिकाणी घोट्याएवढेच वाढतात. तपकिरी रेडपोल मुख्यतः बाहेरच्या कड्यात घरटी करतो, तर फिकट पांढरा रेडपोल, ज्याला आर्क्टिक रेडपोल म्हणत, तो आतल्या कड्यात. ग्रीनलंडच्या उत्तर भागात आणि कॅनडाच्या अतिउत्तरेकडील बेटांवर जो राहतो तो सर्वांत मोठा आणि सर्वांत पांढरा. याखेरीज एक तिसरा, आकाराने सर्वांत लहान आणि रंगाने सर्वांत गडद असा रेडपोल ब्रिटन, आल्प्स पर्वत आणि त्यांच्या आसपासच्या देशांत राहतो. त्याला लेसर, म्हणजे छोटा रेडपोल म्हणत. हा छोटा रेडपोल आज न्यूझीलंडमध्येही आहे. तो उडत तेथे गेलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून गेलेल्या वसाहतवाल्यांना मायदेशाच्या पक्ष्यांची आठवण होई, म्हणून त्यांनी जहाजातून पिंजरे नेले आणि पक्षी सोडून दिले. असले उद्योग त्या काळी पुष्कळ झाले, आणि त्यांतले बरेच महागात पडले.

टुंड्रावरचे त्यांचे घरटे पाहण्यासारखे असते. काड्या आणि गवत यांची एक वाटी, झुडपात जमिनीलगत बसवलेली. तिला आतून मऊ अस्तर असते. वाळुंजाच्या बियांची म्हातारी आणि टार्मिगन नावाच्या हिमप्रदेशातल्या तित्तिरवर्गी पक्ष्याची पांढरी पिसे आणून मादी ते अस्तर घालते. चार ते सहा अंडी असतात. मादी उबवायला बसते आणि नर तिला चारा आणून देतो. अंडी थंड पडू देणे परवडणारे नसते, म्हणून ही वाटणी. अकरा-बारा दिवसांत पिल्ले बाहेर येतात, आणि आणखी सुमारे तेवढ्याच दिवसांत घरटे सोडतात. उन्हाळा इतका अखूड, की घाई करण्यावाचून गत्यंतरच नाही.

उणे चाळीस अंशात पंधरा ग्रॅम

आर्क्टिक प्रदेशात उन्हाळ्यात वीण करणारे पक्षी पुष्कळ आहेत. पण त्यांतले बहुतेक शरद ऋतू येताच दक्षिणेकडे पळ काढतात. रेडपोल मात्र, खायला मिळत असेल तर, जागचा हलत नाही. अलास्कातील फेअरबँक्स या गावी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिवस जेमतेम पावणेचार तासांचा असतो आणि पारा उणे चाळीस अंश सेल्सियसपर्यंत उतरू शकतो. त्या गावातही भर हिवाळ्यात रेडपोलचे थवे दिसतात.

यात विशेष काय, ते एका छोट्या हिशेबाने कळेल. एक सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. आता बाजू दुप्पट करा. पृष्ठफळ होईल २४, आणि घनफळ ८. म्हणजे प्रत्येक घन सेंटिमीटरमागे पहिल्या घनाला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येतो आणि दुसऱ्याला फक्त ३. उष्णता तयार होते ती शरीराच्या आत, आणि निसटते ती पृष्ठभागावरून. तेव्हा प्राणी जितका लहान, तितकी त्याची उष्णता झपाट्याने जाणार. हत्तीला जे सहज जमते ते उंदराला जमत नाही, आणि रेडपोल तर अनेक उंदरांहूनही हलका. त्याच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या घरात असते. बाहेर उणे चाळीस आणि आत अधिक चाळीस; मध्ये पिसांचा एक थर. त्या थराच्या दोन बाजूंना ऐंशी अंशांचा फरक!

हा थर हिवाळ्यात जाड होतो. उन्हाळ्याच्या मानाने नोव्हेंबरात रेडपोलच्या पिसांचे वजन जवळजवळ एक तृतीयांशाने अधिक भरते. पण नुसत्या पांघरुणाने थंडी भागत नाही, आत शेगडीही पेटती हवी. तिचे जळण म्हणजे भूर्जाचे बी. भूर्जाच्या लोंबत्या तुऱ्यांत हे बारीक, तेलकट बी ठासून भरलेले असते. रेडपोल तुऱ्याला उलटा लटकतो आणि चोचीने बी झाडतो. काही खातो, काही खाली बर्फावर पडते, ते मग खाली उतरून टिपतो.

येथे त्याच्याजवळ एक खास सोय आहे. माकड हाती लागलेले चणे गालफडात कोंबून आधी सुरक्षित जागी जाते आणि मग निवांत खाते, हे तुम्ही पाहिले असेलच. रेडपोलच्या अन्ननलिकेलाही अशीच एक लवचीक पिशवी असते. सुमारे दोन ग्रॅमपर्यंत बी तो तिच्यात भरून घेतो. उघड्यावर, वाऱ्यात, ससाण्याच्या नजरेसमोर प्रत्येक बी सोलत बसण्याऐवजी तो पिशवी भरतो आणि दाट फांद्यांच्या आडोशाला जातो. तेथे एकेक बी पुन्हा चोचीत आणून सोलतो व गिळतो. वीस तासांची रात्र काढायची असेल तर झोपण्यापूर्वी शिदोरी बांधून घेणे किती मोलाचे आहे, ते सांगायला नको.

कधीकधी हे पक्षी चक्क बर्फात शिरतात. भुसभुशीत बर्फात हातभर नसला तरी वीतभर-दीड वीत लांब बोगदा करून त्यात रात्र काढतात. बर्फाने ऊब कशी मिळेल, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पण गोधडीत ऊब असते ती कापडाची नव्हे, तर कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेची. भुसभुशीत बर्फातही हवा तशीच अडकलेली असते. अलास्कात केलेल्या प्रयोगांत रेडपोलने उणे ५४ अंशांची थंडीही सोसली.

पण भूर्जाला दरवर्षी बी सारखे येत नाही. आपल्याकडे आंब्याला जसे एखादे वर्ष मोहराचे आणि एखादे भाकड, तसेच तेथे. बी नसेल त्या वर्षी हजारोंचे थवे दक्षिणेकडे लोटतात आणि मध्य युरोपात किंवा अमेरिकेच्या सरोवरांच्या प्रदेशात प्रकटतात. पुढच्या वर्षी तेथे एकही नसतो. या भटकण्याला ठरलेला मार्ग नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पायात कडे अडकवून सोडलेला एक रेडपोल पुढे सायबेरियात सापडला. बेल्जियममध्ये कडे घातलेला दुसरा एक दोन वर्षांनी चीनमध्ये मिळाला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. जे पक्षी असे देशोदेशी हिंडतात, त्यांच्या आपसांतल्या भिंती कितीशा पक्क्या असतील?

नावांचा गोंधळ

स्वीडनच्या लिनिअसने १७५८ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात तपकिरी रेडपोलला ‘फ्लॅमिया’, म्हणजे ज्वालेसारखा, असे जातिनाम दिले. १७७६ साली म्यूलर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने छोट्या रेडपोलला ‘कॅबरे’ हे नाव दिले. १८४३ साली ग्रीनलंडमधील डॅनिश अधिकारी होल्ब्योल याने तेथल्या मोठ्या पांढऱ्या पक्ष्याचे वर्णन केले, आणि डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ हॉर्नेमान यांच्या सन्मानार्थ त्याचे नाव ‘हॉर्नेमनाय’ ठेवले. पुढे १८६२ साली विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या एलियट कूज या अमेरिकन तरुणाने आणखी एका फिकट रेडपोलला ‘एक्झिलिपेस’, म्हणजे बारीक पायांचा, असे नाव दिले. ग्रीनलंडचा तपकिरी वेगळा, आइसलंडचा वेगळा, अशी यादी वाढतच गेली.

प्रजातीचाही असाच प्रवास झाला. (मराठीत ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ या शब्दांची फार गल्लत होते. जीवशास्त्रात प्रजाती हा मोठा गट आणि जाती हा त्यातला लहान गट, हे एकदा पक्के करून ठेवा.) लिनिअसने रेडपोलला फ्रिंजिला या प्रजातीत घातले, पुढे बराच काळ तो कार्डुएलिस या प्रजातीत युरोपच्या गोल्डफिंचबरोबर होता. डीएनएची तुलना करता येऊ लागली तेव्हा कळले, की रेडपोलचे सर्वांत जवळचे नातलग वेगळेच आहेत : ते आहेत क्रॉसबिल, म्हणजे ज्यांच्या चोचीची टोके कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांवरून जातात ते पक्षी. तोंडावळ्यावरून हे नाते कोणीच ओळखले नसते. आता रेडपोलची प्रजाती अकँथिस या नावाने स्वतंत्र मानतात.

प्रजातीबद्दल फारसा वाद राहिला नाही. खरा वाद जातीचा. जाती म्हणजे काय? अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली सांगितलेली व्याख्या तुमच्या पाठ्यपुस्तकातही असते : निसर्गात जे आपसांत प्रजनन करतात आणि इतर अशा गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग राहतात, त्या जीवांची एक जाती. आता ही व्याख्या आपल्या खणाला लावून पाहा. लागत नाही! मेलेले पक्षी काही प्रजनन करत नाहीत. कातड्यांवरून केवळ अंदाज बांधता येतो.

तसे अंदाज दोन्ही बाजूंनी बांधले गेले. १९८५ साली डेक्लन ट्रॉय यांनी पुष्कळ कातड्यांची मोजमापे घेऊन दाखवले, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड साखळी आहे; मध्ये तुटक जागा नाही. तेव्हा जाती एकच. उलट, १९८८ साली ॲलन नॉक्स यांनी असे मांडले, की नीट तपासले तर तपकिरी आणि फिकट या दोन वेगळ्या जाती ठरतात.

वेगळेपणाच्या बाजूचा एक मुद्दा फार मार्मिक आहे, आणि तो समजला तरच पुढची गंमत कळेल. फिकट रेडपोल केवळ फिकट नसतो. त्याच्या कुशीवर रेघा कमी असतात, कमरेवरचा भाग जवळजवळ कोरा पांढरा असतो, आणि चोचही आखूड, गुबगुबीत चेहऱ्यात दाबून बसवल्यासारखी असते. गडद पक्ष्याची चोच लांबट असते आणि रेघा भरपूर असतात. म्हणजे ही लक्षणे जुडीने येतात. आता हे दोन गट जर खरोखर सर्रास एकमेकांत मिसळत असतील, तर पिढ्यान्‌पिढ्या लक्षणांची सरमिसळ व्हायला नको का? फिकट रंग पण लांब चोच, गडद रंग पण आखूड चोच, असे हवे तसे मेळ दिसायला हवेत. पत्ते पिसल्यावर सगळी बदामाची पाने एकत्र राहतात का? नाही. येथे मात्र पाने एकत्र राहिलेली दिसतात. तेव्हा पत्ते पिसलेच जात नसावेत, म्हणजेच हे पक्षी आपसांत मिसळत नसावेत.

या युक्तिवादात चूक काढून दाखवा पाहू! मला विचाराल तर २०२१ सालापूर्वी मीही या बाजूला मत दिले असते.

उलटलेली माळ

२०१५ साली अमेरिकेतील निकोलस मेसन आणि स्कॉट टेलर यांनी ७७ रेडपोलांच्या डीएनएमधील वीस हजारांहून अधिक जागा ताडून पाहिल्या. त्यांना वाटले होते, की गडद आणि फिकट पक्ष्यांचे दोन वेगळे पुंजके पडतील. पुंजके पडलेच नाहीत. जनुकसंचाच्या दृष्टीने सारे रेडपोल एकाच कढईतले निघाले. मग दिसण्यातला फरक येतो कोठून? त्यांना असे आढळले, की काही जनुके वेगवेगळ्या पक्ष्यांत कमीअधिक प्रमाणात कार्य करतात, आणि त्या प्रमाणाचा रंगाशी व चोचीशी मेळ बसतो. पण तसे का, हे कोडे राहिले.

२०२१ साली टेलर यांच्याच गटाने, एरिक फंक यांच्या पुढाकाराने, ७० हून अधिक पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचून काढले. बहुतेक सर्व गुणसूत्रांवर पूर्वीसारखीच एकरूपता दिसली. पण पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एक मोठा पट्टा मात्र वेगळा निघाला. सुमारे साडेपाच कोटी अक्षरांचा तो पट्टा. पक्ष्याच्या जनुकसंचात शंभर कोटींहून थोडी अधिक अक्षरे असतात, तेव्हा हा तुकडा त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढा झाला. हा तुकडा काही पक्ष्यांत सुलट होता आणि काही पक्ष्यांत उलट.

उलट म्हणजे काय? दहा मण्यांची एक माळ घ्या. मण्यांवर १ ते १० आकडे आहेत. चार ते आठ हा तुकडा कापला, फिरवला आणि पुन्हा तेथेच ओवला, तर माळ अशी होईल : १, २, ३, ८, ७, ६, ५, ४, ९, १०. एकही मणी हरवला नाही, एकही वाढला नाही; फक्त मधला क्रम फिरला. फार प्राचीन काळी कोणा एका पूर्वजाच्या गुणसूत्रात असेच झाले, आणि तो उलटा तुकडा वारशाने उतरत आला.

आता पत्ते पिसण्याकडे या. गुणसूत्रे जोडीने असतात, एक आईकडचे आणि एक वडिलांकडचे. बीजपेशी तयार होताना या जोडीदारांत तुकड्यांची देवाणघेवाण होते. हेच ते पिसणे. पण देवाणघेवाण व्हायची तर दोन्ही माळांतले मणी समोरासमोर जुळले पाहिजेत. एक तुकडा सुलट आणि एक उलट असेल तर चारसमोर आठ येतो, जुळणी बिघडते आणि त्या भागात देवाणघेवाण जवळजवळ बंद पडते. त्यामुळे त्या तुकड्यातली शेकडो जनुके एकमेकांना बांधल्यासारखी, एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. अशा गठ्ठ्याला महाजनुक म्हणतात. आणि रेडपोलच्या या गठ्ठ्यात कोणती जनुके आहेत? पिसांच्या लाल आणि काळसर रंगद्रव्यांशी व चोचीच्या आकाराशी संबंध असलेली जनुके नेमकी त्यातच आहेत!

म्हणजे बदामाची पाने एकत्र राहिली, कारण ती एकमेकांना डिंकाने चिकटलेली होती. पत्ते मात्र अगदी व्यवस्थित पिसले जात होते.

मधल्या रांगेतल्या पक्ष्यांचाही उलगडा झाला. गुलबासाच्या लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी फुले येतात, हे तुम्ही शिकला असाल. त्याचप्रमाणे ज्याच्याकडे दोन्ही तुकडे एका प्रकारचे तो गडद, ज्याच्याकडे दोन्ही दुसऱ्या प्रकारचे तो फिकट, आणि ज्याच्याकडे एकेक तो मधला. सगळेच भेद या एका तुकड्याने सुटतात असे मात्र नाही. ग्रीनलंडच्या पक्ष्याचा मोठा आकार ही निराळी बाब आहे. थंड प्रदेशात प्राण्यांचे शरीर मोठे आणि चोच, कान यांसारखे बाहेर आलेले अवयव आखूड असण्याकडे कल असतो, हे बर्गमन आणि ॲलन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. वर केलेला घनाचा हिशेब आठवला की त्याचे कारण कळते.

असे महाजनुक इतर पक्ष्यांतही सापडले आहे. त्यांतला एक तर आपला दरवर्षीचा पाहुणा आहे. रफ नावाचा पाणथळीतला पक्षी हिवाळ्यात उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला दिसतो. उत्तरेकडे विणीच्या हंगामात त्याचे नर तीन प्रकारचे असतात : गडद झालरीचे लढाऊ, पांढऱ्या झालरीचे आणि चक्क मादीसारखे दिसणारे. या तिन्ही प्रकारांच्या मुळाशी गुणसूत्राचा एक उलटलेला तुकडा आहे, हे २०१६ साली सिद्ध झाले. पण रफच्या तीन जाती कोणी कधी मानल्या नाहीत. कारण सारे एकाच मैदानावर जमतात, ते सर्वांना दिसत होते. रेडपोलचे दुर्दैव असे, की त्याचे प्रकार बव्हंशी वेगवेगळ्या अक्षांशांवर राहतात.

२०२४ साली अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने आपल्या अधिकृत यादीत सर्व रेडपोल एकाच जातीत घातले. नाव कोणते ठेवायचे याला नियम आहे : सर्वांत जुने. म्हणून लिनिअसचे १७५८ चे नाव टिकले, अकँथिस फ्लॅमिया. हॉर्नेमनाय, कॅबरे ही आता उपजातींची नावे झाली. ज्यांनी कडाक्याच्या थंडीत दुर्बीण घेऊन आर्क्टिक रेडपोल शोधला होता, अशा कित्येक हौशी पक्षिनिरीक्षकांच्या वहीतली एक जात त्या दिवशी कमी झाली! याबद्दल त्यांनी बरीच कुरकूर केली, आणि ती मला अगदीच गैर वाटत नाही.

शास्त्रज्ञांतही सर्वांचे समाधान झालेले नाही. १९९० नंतरच्या दशकात दक्षिण नॉर्वेत छोटा रेडपोल आणि तपकिरी रेडपोल शेजारी शेजारी घरटी करूनही वेगळे राहताना आढळले होते. त्याच पुराव्यामुळे ब्रिटनने छोट्या रेडपोलला पुढे स्वतंत्र जातीचा मान दिला होता. उलट आइसलंडमध्ये एकाच बेटावर गडदपासून फिकटापर्यंत सर्व छटांचे पक्षी नांदतात, आणि तेथे रेघ ओढताच येत नाही. एका ठिकाणचे पाहून साऱ्या ध्रुवीय फेराबद्दल निकाल देता येत नाही, हेच खरे.

मला काळजी वाटते ती निराळीच. पृथ्वी तापत आहे, आणि आर्क्टिक प्रदेश इतर भागांपेक्षा अधिक वेगाने तापत आहे. टुंड्रावर झुडपे उंच आणि दाट होऊ लागली आहेत. बाहेरचे कडे आत सरकत आहे. फिकट रेडपोल ज्या उघड्या, खुरट्या प्रदेशात राहतो तो जर आक्रसला, तर फिकट प्रकाराचे प्रमाण घटू शकेल. आर्क्टिक रेडपोल ही स्वतंत्र जाती होती तोवर तिची वेगळी गणती होत होती. आता साऱ्यांची मिळून एकच जाती, आणि तिची संख्या प्रचंड. एकूण आकडा फुगलेला दिसत असताना त्यातले पांढरे पक्षी कमी झाले, तर ते कोणाच्या ध्यानात येईल? म्हणून यादीत उपजातीचा रकाना कोरा सोडू नये, गडद, फिकट आणि मधला अशी नोंद करत राहावे, असे मला वाटते.

आता तो खण पुन्हा पाहा. या वेळी चिठ्ठ्या वाचायला हरकत नाही. जुन्या पक्ष्यांच्या पायांना दोन-दोन, तीन-तीन चिठ्ठ्या दिसतील. संग्रहालयात नाव बदलले तरी जुनी चिठ्ठी काढून टाकत नाहीत; तिच्या शेजारी नवी बांधतात. सर्वांत आतल्या, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवरचे नाव आज कोणी वापरत नसेल. पण पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला, नर की मादी, हे त्याच चिठ्ठीवर लिहिलेले असते, आणि पुढच्या माणसाला नव्याने मोजमाप घ्यायचे असेल तेव्हा त्याला तेवढेच हवे असते.